तोक्तोसुन म्हणजे थांबो

झुराकान लग्न होऊन काराबुलाकला आली, त्या दिवसापासून छत्तीस वर्षं तिच्या तोंडून ‘थांब’ हा शब्द निघाला नाही. सासऱ्याचं नावच तोक्तोसुन, म्हणजे ‘थांबो’. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं पाचव्याला नावातच बजावून ठेवलं होतं. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नावातला शब्दसुद्धा उच्चारायचा नाही, ही आमची रीत. बाकीच्या सुनांचं बरं होतं; कुणाचा सासरा कुऱ्हाड, कुणाचा कोल्हा. कोल्ह्याचं नाव न घेता दिवस निघतो. ‘थांब’ म्हटल्यावाचून संसार कसा करायचा?

गाय उधळली की झुराकान ‘अगं, पुढं जागा नाही’ म्हणून ओरडायची. बस आली की दोन्ही हात पसरून भर रस्त्यात उभी राहायची. ड्रायव्हर लोक म्हणायचे, काराबुलाकच्या त्या बाईपुढं ब्रेक आपोआप लागतो.

तोक्तोसुनला याची भारी मजा वाटायची. भिंतीवरचं घड्याळ थांबलं की तो मुद्दाम चुलीकडे तोंड करून विचारायचा, “सूनबाई, घड्याळाला काय झालं गं?”

“नमाजाला बसलंय, मामंजी. उठलं की सांगते.”

त्या घरात नमाजाची थट्टा चालायची, कारण नमाज कधी चुकत नव्हता. तोक्तोसुन महायुद्धावरून परतला तो डाव्या हाताची दोन बोटं तिकडंच ठेवून. त्याची आई म्हणे, नावानं पोरगा राखला, बोटांचं मी बोललेच नव्हते. पण खंदकात पडल्या पडल्या त्यानं अल्लाला शब्द दिला होता: घर दिसलं तर पाच वेळा तुझ्यापुढं वाकेन. घर दिसलं. वाकायची मात्र चोरी होती; तेव्हाच्या सरकारला देवधर्म खपत नव्हता. त्या काळी सामुदायिक शेताचे घोडे राखणारा, छातीवर पदकं असलेला माणूस नमाज पढताना सापडला असता, तर घोडे आणि पदकं दोन्ही गेली असती. म्हणून तो मेंढ्यांच्या वाड्यात लष्करी ओव्हरकोट अंथरायचा आणि बाहेर सून पहाऱ्याला असायची.

एकदा शेताचा अध्यक्ष घोड्यावरून उतरला तो थेट वाड्याकडेच निघाला. एका शब्दाचं काम होतं, आणि नेमका तोच शब्द चालत नव्हता. झुराकान ओरडली, “साहेब, कुत्रं पिसाळलंय.” अध्यक्ष गवताच्या गंजीवर चढला. कुत्रं बिनदाताचं, उन्हात लोळत पडलेलं. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय असं वाटून त्यानं शेपटी हलवली. तोक्तोसुन सावकाश दुवा पुरी करून बाहेर आला आणि अध्यक्षाला हात देऊन खाली उतरवलं. त्या दिवशी जेवताना त्यानं आपल्या ताटातला मटणाचा चांगला तुकडा उचलून सुनेला दिला. आमच्याकडे हेही पदकच.

पुढं राज्य बदललं, वारं फिरलं. गावानं मशीद बांधायला काढली तेव्हा शहात्तराव्या वर्षी हा आठ बोटांनी विटा वाहायचा. त्याची एकच इच्छा होती: मुलगा सादिर, म्हणजे झुराकानचा नवरा, आणि तिन्ही नातू एका रांगेत, आणि ईदचा नमाज उघड्या दारानं. मशिदीवर छप्पर चढलं आणि ईद नऊ दिवसांवर असताना म्हाताऱ्याची छाती कफानं भरली. डॉक्टरनं मान हलवली. नातेवाईक तोंडं पाडून अंगणात जमू लागले. एकानं तर मयताच्या जेवणाला कोणती मेंढी कापायची तेही विचारून घेतलं.

त्याच दुपारी झुराकान चहा घेऊन आत गेली. त्यानं चहाची वाटी बाजूला सारली.

“सूनबाई, आईपासून सार्जंटपर्यंत सगळ्यांनी मला जन्मभर ‘थांबो, थांबो’ म्हटलं, आणि मी थांबलो. तू एकदासुद्धा म्हटलं नाहीस.”

“रीत आहे, मामंजी.”

“रीत माझ्याच मानासाठी ना? मग मीच तुला मोकळीक देतो.”

झुराकाननं डोक्यावरचा रुमाल नीट केला. सख्ख्या बापापेक्षा या माणसावर तिची माया जास्त होती, पण ते सांगायचीही रीत नव्हती. तिनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

“तोक्तोसुन,” ती म्हणाली, आणि पार वळणावरच्या बसला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली.

अंगणातले नातेवाईक दाराकडे वळले. सगळं संपलं असं समजून सादिर धावत आत आला. म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

“हळू की. सासऱ्याचं नाव घेतेस, जरा तरी लाज धर.” आणि त्यानं चहा मागून घेतला.

ईदला मुलानं आणि नातवांनी त्याला घोड्यावर बसवून नेलं. पहिल्या रांगेत, त्याच जुन्या ओव्हरकोटावर, छातीवर पदकं लावून तो बसला. मुल्लानं पदकांकडे पाहिलं आणि तो रांगेपुढं जाऊन उभा राहिला. झुराकान दाराबाहेर उभी होती. आत नमाज सुरू झाला तेव्हा सवयीनं तिची नजर रस्त्याकडे गेली. कुणीच येत नव्हतं. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

ईदनंतर अकरा दिवसांनी तोक्तोसुन झोपेतच गेला. सगळे घरात होते.

झुराकान अजूनही दोन्ही हात पसरून बस अडवते. परवा नव्या ड्रायव्हरनं काच खाली करून म्हटलं, आजी, नुसतं थांब म्हणा की.

“एकदा म्हटलं होतं, बाबा. मामंजी वीस दिवस थांबले,” ती पायरी चढत म्हणाली. “आता तो शब्द तुझ्या बसवर कशाला घालवू?”