काकांच्या आभाळातला मांजा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस जयपुरात दुसरा नसेल. असलाच तर काकांनी त्याची एकदा तरी चौकशी केलेली असणार. मूळचे साताऱ्याचे, पण विमा कंपनीच्या नोकरीत इकडे बदली झाली आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या जळलेल्या, फुटलेल्या, पाण्यात गेलेल्या कारखान्यांचे दावे तपासता तपासता ते विद्याधर नगरातच मुरले. निवृत्तीनंतर कारखाने सुटले, तपासणी सुटली नाही. एकदा आमच्या कुकरचा व्हॉल्व्ह उडून डाळ छताला चिकटली, तर आम्ही भानावर यायच्या आत काका टॉर्च घेऊन ओट्याशी उभे आणि माझ्या बायकोला विचारतायत, "मतलब, शेवटची शिटी आणि स्फोट यांत अंतर किती?" लग्नाला गेले की आधी मांडवाच्या वायरी बघतात, मग वधूवरांना. त्यांच्या मुलीला शास्त्री नगरातल्या एका मराठी घरातलं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचे आजोबा कशाने गेले, असं काकांनी पोहे खाता खाता विचारलं. "वयाने," मुलाचे वडील म्हणाले. "वय हे कारण होत नाही हो," काका म्हणाले, "वय ही नुसती तारीख असते." स्थळ पोहे संपवून गेलं ते पुन्हा फिरकलं नाही. मुलीने पुढे बंगळुरात स्वतःच लग्न जमवलं आणि वडिलांना कळवलं ते नोंदणी झाल्यावर.

संक्रांतीला इथलं आभाळ पतंगांनी भरून जातं. त्या दिवशी काका गच्चीवर कठड्यांची उंची तपासत हिंडत होते आणि जिकडे बघावं तिकडे मांजाच मांजा, असं म्हणत होते. संक्रांत होऊन महिना झाला तरी त्यांना मांजा दिसतच होता. पोरं अजून दोरे सोडतायत, पक्षी मरतील, असा लेखी अर्ज त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना दिला. सेक्रेटरी बिचारे त्यांच्याबरोबर गच्चीवर आले, वर बघितलं आणि म्हणाले, "काकाजी, आसमान तो बिलकुल साफ है।" काकांनी त्यांच्यावरही संशय घेतला. मग एका सकाळी उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि दहा मिनिटं तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा काकूंनी त्यांना धरून इस्पितळात नेलं.

अमायलॉइड नावाचं एक बिघडलेलं प्रथिन त्यांच्या डोळ्याच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचत होतं. डोळ्याच्या आतल्या पारदर्शक भागातही त्याचे धागे उतरले होते, आणि तोच काकांचा मांजा. खरं सांगायचं तर कारण सापडल्याचा त्यांना आनंदच झाला. "पाण्याच्या पाइपात क्षार धरतो ना भैया, तसं," असं त्यांनी भाजीवाल्यालासुद्धा समजावलं. पण हा आजार बहुतेक वडिलांकडून आलाय, असं डॉक्टर म्हणाले आणि तो आनंद ओसरला. त्यांचे वडील पन्नाशीतच अंधूक दिसतं म्हणू लागले होते आणि एक दिवस बोलता बोलता कोसळले. काकांनी स्वतःच्या पॉलिसीच्या फॉर्मात वडिलांच्या मृत्यूचं कारण 'वार्धक्य' असं लिहिलं होतं. हे त्यांनी मला आपणहून सांगितलं, मान खाली घालून.

मुलीची रक्ततपासणी करून घ्या, लवकर कळलं तर आता औषधं आहेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमका त्याच आठवड्यात मुलीने नव्या पॉलिसीचा फॉर्म वडिलांकडे तपासायला पाठवला. त्या घरात काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागदावर सही होत नाही. नजर धड राहिली नव्हती, म्हणून वाचायला मला वर बोलावलं. आई-वडिलांच्या आजारांच्या रकान्याशी मी आलो, तसं काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हा सोड. तिला ठाऊकच नसेल तर तिने लपवलं असं होत नाही. आधी पॉलिसी होऊ दे. दोन महिने तिला कोणी काही सांगायचं नाही."

अशा रिकाम्या रकान्यांवरून या माणसाने जन्मभर लोकांना दारातून परत पाठवलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पॉलिसी ती गेल्यावर कामाची. औषध ती असताना. मला ती हवीय."

काकांनी फोन मागितला. मुलीला सगळं सांगितलं, ठणठणीत आवाजात, एकही मुद्दा न गाळता. मग तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला आता कितपत दिसतं?" दुसऱ्याला हजार प्रश्न विचारणाऱ्या काकांना हा एक जड गेला. "तुझा फोटो दिसतो," ते म्हणाले. "पण डोळे शोधावे लागतात गं."

तिचं रक्त तपासायला गेलंय, रिपोर्ट अजून यायचाय. काका रोज चारदा फोन कुठे आहे ते चाचपून बघतात. 'काही निघालं नाही,' असं कोणी म्हणालं तर या माणसाने आजवर कधी मानलेलं नाही. आता मात्र मुलीने तेवढं म्हणावं आणि आपण एकही प्रश्न न विचारता मानावं, याचीच ते वाट बघत बसलेत.