आजी, पूर्ण नाव सांगा

देवाशीसुद्धा मी सौदाच करत आलो. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलता उचलता मी स्वतःची आडत उभी केली. फुकट कुणी काही देत नाही आणि घासाघीस केल्याशिवाय आपण काही घ्यायचं नाही, हे अंगात भिनलेलं. गेल्या श्रावणात आईला न्यूमोनिया झाला, तेव्हाही घरच्या कानबाईपुढे मी अट घातली : आईला सोमवारपर्यंत उठवून बसव, तुला चांदीची नथ घडवतो. आमच्याकडे श्रावणातल्या रविवारी नथ-कुंकू ल्यालेला नारळ चौरंगावर बसतो, तीच आमची कानबाई. सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. लग्न होऊन आल्यापासून आईनं एकही कानबाई चुकवली नव्हती. तापात ती तेवढंच बडबडत होती.

दवाखान्यासाठी धुळं जवळ होतं. पण सहा वर्षांपूर्वी वडील तिथल्या एका दवाखान्यात गेले. सकाळी चहा प्यायले, माझ्याशी बोलले. एका सिस्टरनं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात सगळं संपलं. ते औषध त्यांचंच होतं की दुसऱ्या कुणाचं, मी विचारत राहिलो. सगळे खाली माना घालून म्हणत राहिले, कागदोपत्री बरोबर आहे. कदाचित आजारच तसा असेल. मला आजही ठाऊक नाही. कुणी सरळ बोललं नाही, हे मात्र मी कधी विसरलो नाही. त्याच रागात धाप लागलेल्या आईला धुळं सोडून थेट जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. मी त्यांच्यावरही ओरडलो.

रविवारी ताप थोडा उतरला, पण आईच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता. सलाइनमुळे तिचा हात सुजला, म्हणून मनगटावरची नावाची पट्टी कापून काढली होती. सोमवारी पहाटे ती म्हणाली, "भाऊ, रस्तावरथीन कानबाई जाई ना? माले दखाडशी का?" दाखवायची तर खिडकी होती शेजारच्या खाटेला. तिथं एक मधुमेहाच्या आजी होत्या. त्यांची जामनेरकडची सून रात्रभर जागून कंटाळलेली. तिला मी पटवलं : तुम्हाला पंख्याखालची खाट मिळेल, आजींना वारा लागेल. माझ्या जिभेपुढे ती काय टिकणार! सिस्टरांची पाळी बदलत होती, वॉर्डात कुणी नव्हतं. आम्ही दोघांनी दोन्ही म्हाताऱ्या उचलून एकमेकींच्या जागी निजवल्या. खाटांच्या पायथ्याशी टांगलेल्या फायली आपापल्या जागीच राहिल्या. ते माझ्या ध्यानातही आलं नाही. सौदा जमला, एवढाच मला आनंद.

तासाभरानं सकाळच्या पाळीची सिस्टर आली. बारीक चणीची, यावलकडची. आदल्या सकाळीही तीच होती, पण अख्ख्या वॉर्डाला एकटीच; कुणाकुणाची तोंडं लक्षात राहणार! एका ट्रेमध्ये इंजेक्शन. लांबून डफ ऐकू येत होता. तिनं पायथ्याची फाइल काढून घेतली आणि आईवर वाकली.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"सुमनबाई पाटील," मीच म्हणालो. "टोचा लवकर, तिला कानबाई बघायची आहे."

"पूर्ण नाव, भाऊ. आणि त्यांनाच सांगू द्या."

आईनं मान वळवली. ती वडिलांचं नाव कधीच घेत नसे. ते असताना नाही आणि ते गेल्यावरही नाही. मतदानाच्या खोलीतसुद्धा ती नुसता कागद पुढे करायची.

"तुमच्या हातात फाइल आहे ना? वाचता येत नाही?" माझा आवाज चढला.

"वाचून दाखवायचं नसतं. मी वाचलं तर तापातला माणूस कशालाही हो म्हणतो. यांच्या हाताला पट्टी नाही. मला यांच्या तोंडून ऐकू द्या."

मग माझा तोल सुटला. डफ जवळ येत होता. मी तिला काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. तुम्हा सिस्टरांची जातच तशी, म्हणालो. धुळ्याला माझा बाप असाच मारला आणि वर तोंडं शिवून बसले, म्हणालो. दवाखान्याच्या मालकाला फोन लावतो, उद्या या वॉर्डात दिसणार नाहीस. अख्खा वॉर्ड बघत होता. वडिलांचं नाव मी एका शब्दात सांगू शकत होतो. पण हिनं मागितलं म्हणून द्यायचं नाही, असा हट्टच धरला मी. तिचा चेहरा लाल झाला. पण सुई तिनं उचलली नाही.

"फोन लावा," ती म्हणाली. "ओळख पटल्याशिवाय मी टोचणार नाही."

आणि माझ्याकडे पाठ करून ती आईच्या उशाशी बसली. "आजी, नाव घ्यायचं नसेल तर उखाणा घ्या. कानबाई दारात आलीय. तिच्यापुढे कसली लाज?"

कधीचा मी ओरडतोय म्हणून आई माझ्यावर डाफरली, "तू गप बस रे, भाऊ! कवयना कोकली राह्यना." मग धापा टाकत, एकेक शब्द उचलत म्हणाली :

"कानबाईना चौरंगवर नारयनी जोडी,
आत्मारामनं नाव लेवानी माले आजून गोडी."

वॉर्डातल्या बाया हसल्या. सिस्टर हसली नाही. तिनं फाइलीकडे पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. फाइलीत सुमन पाटीलच होतं, वयही तेवढंच. पण मधलं नाव भास्कर होतं. ट्रेमधलं इंजेक्शन इन्सुलिन होतं, मधुमेहाच्या आजींचं. दोन दिवसांच्या उपाशी आईला ते गेलं असतं, तर तिची साखर इतकी उतरली असती की ती पुन्हा उठली नसती. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टरनं आधी शेजारच्या खाटेशी जाऊन त्या आजींना आईचं काही दिलं गेलं नाही ना, ते तपासलं. मग परत येऊन विचारलं, "या खाटा कुणी बदलल्या?"

तेव्हा कुठे पायथ्याच्या फायली माझ्या ध्यानात आल्या. 

"मी," म्हणालो.

आणि तेव्हाही माझ्यातला आडत्या गप्प बसला नाही. तिला बाजूला घेऊन म्हणालो, "सिस्टर, कुणाचं काही बिघडलं नाही. तुम्ही हे लिहू नका, मीही तक्रार करत नाही. इथंच मिटवू."

"लिहावं लागेल, भाऊ. कापलेली पट्टी काल मीच नवी बांधायला हवी होती. पहिली चूक माझी. तीही लिहिणार." फाइल मिटत ती म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या वेळी कुणी लिहिलं असतं, तर तुम्हाला बरं वाटलं असतं ना?"

सहा वर्षं मी ज्यांना शिव्या घातल्या, त्यांचंच गप्प बसणं मी आज हिच्याकडे मागत होतो. मी खाली बघितलं. डफ खिडकीखाली आला. एक बाई डोक्यावर कानबाई घेऊन चालली होती, मागे सगळी गल्ली. सिस्टरनं आईला आपल्या खांद्याचा आधार देऊन बसवलं, आणि सुजलेला हात दुसऱ्या हाताला जोडून आईनं दर्शन घेतलं. मी तिथंच उभ्या उभ्या रडलो. सिस्टरची माफी मागितली, ती तिनं मान हलवून घेतली आणि नवी पट्टी आणायला गेली. त्या दिवशी तिला वरिष्ठांचं ऐकून घ्यावं लागलं. मीही आत जाऊन खाटांबद्दल माझं लिहून दिलं.

आई आठवड्यानं घरी आली. मी कानबाईला म्हटलं होतं, सोमवारपर्यंत उठवून बसव. तिनं बसवलं. माझ्या अटीमुळे बसवलं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. माझ्या हातानं तर मी आईला सुईखाली नेऊन ठेवलं होतं. माझ्या आरडाओरड्यानं, ओळखीनं, फोनच्या धमकीनं जी हलली नाही, तिच्या रूपानं त्या दिवशी कुणीतरी माझ्या आईपाशी उभं होतं. एवढंच मला कळतं. वडिलांचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही. तेही आता मी कानबाईच्या ओटीत टाकलं आहे.

यंदा आईनं स्वतः कानबाई बसवली. नथ मी घडवून आणली, पण बदल्यात काही मागितलं नाही. चौरंगापुढे बसलो.  मग हात जोडून माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि गप्प बसलो.