व्हर्नानं न केलेली सही

व्हर्ना नाट्यूकच्या घरात पंधरा वर्षांत अकरा पोरं राहून गेली. सगळी बर्फावरच्या हॉकीची.

लॉर्नेसच्या ज्युनियर संघात खेळायला पोरं लांबून यायची. सतरा-अठरा वर्षांची. गावातली काही घरं त्यांना ठेवून घ्यायची. शाळा, सराव, ओले मोजे, दुखरे गुडघे, सगळं त्या घरानं बघायचं. व्हर्नाला स्वतःचं मूल नव्हतं. कुणी नव्या माणसानं विचारलंच, तर ती म्हणायची, "मला अकरा आहेत. सगळ्यांना दाढ्या आहेत."

आधीच्या दहांवर तिनं सारखंच प्रेम केलं. एप्रिलमध्ये पोरगा गेला की रडायची, ऑगस्टमध्ये नवा आला की विसरायची. अकरावा रीड सोलबर्ग. तो तीन हंगाम राहिला, आणि तिचं सगळं बिनसलं.

रीड संघाचा हुकमी खेळाडू होता. त्या वर्षी एक्केचाळीस गोल. वय वीस, म्हणजे ज्युनियरमधलं शेवटचं वर्ष. प्लेऑफचे, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीचे, पहिले दोन सामने बघायला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा माणूस येणार होता. त्याला पोरगा आवडला तर चार वर्षं शिक्षण आणि हॉकी. नाहीतर परत गावी, काकाच्या टायरच्या दुकानात. हे लॉर्नेसमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्याची आई जनेल दूर उत्तरेला खाणीच्या छावणीत स्वयंपाक करायची. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा सुट्टी, जाता-येता सास्काटून शहरात मुक्काम. तीन वर्षांत ती दोनदा लॉर्नेसला आली होती. व्हर्नानं हिशेब ठेवला होता.

दर रविवारी जनेलचा फोन यायचा. एरवी रीड स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय टाकून सगळ्यांशी मोठमोठ्यानं बोलायचा. आईचा फोन आला की वर खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. व्हर्ना तेवढ्यात जिना पुसायला घ्यायची.

"जिना झिजेल, बाई," तिचा नवरा ऑरेस्ट म्हणायचा.

"धूळ बसते."

"फक्त रविवारीच बसते, नाही का?"

दाराआडून शब्द कळायचे नाहीत. हसू ऐकू यायचं. तसा तो खाली कधी हसत नसे.

मार्चमध्ये, प्लेऑफला पाच दिवस असताना, रविवारी सकाळी फ्रिजवर पिवळा कागद दिसला. गावाबाहेर जायचं तर खेळाडूनं हा फॉर्म भरायचा, घरच्या बाईनं सही करायची आणि रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, ऑफिसात टाकायचा. एवढं केलं की एक सराव बुडला तरी चालायचा. रीडनं लिहिलं होतं: कुठे, सास्काटून. कशासाठी, आई. परत कधी, सोमवारी दुपारी. खाली कोपऱ्यात तिच्यासाठी दोन ओळी. 'सही करून टाकशील ना? मी पहाटेच निघतोय. तू झोपली होतीस.'

व्हर्नानं पेन घेतलं. कशासाठी, आई. कारण म्हणून एवढंच. त्याला दुसरं काही लिहावंसं वाटलं नव्हतं. तापात चार रात्री ती त्याच्या उशाशी बसली होती. त्याचा तुटलेला दात परत बसवता यावा म्हणून तो दुधात घालून तिनं पन्नास मैल गाडी हाकली होती. त्यातलं काहीही कुठल्या फॉर्मवर एका शब्दात लिहून चाललं नसतं.

तिनं पेन ठेवलं. कागद फाडला नाही. घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. उद्या सकाळी टाकू, असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी सराव नऊला. नऊ वीसला फोन वाजला. कोच मॅक्राय.

"व्हर्नाबाई, आमचे राजे उठलेत का?"

"घरी नाही तो."

"म्हणजे? गेला कुठे?"

पर्स समोर खुर्चीवर होती.

"मला काही बोलला नाही," व्हर्ना म्हणाली.

रीडनं त्या हिवाळ्यात दोनदा सराव बुडवला होता. तिसऱ्या वेळी कुणीही असो, चार सामने बाहेर, असं मॅक्रायनं सगळ्या पोरांसमोर सांगितलं होतं. मंगळवारी त्यानं शब्द पाळला. प्लेऑफच्या सात सामन्यांतले चार हरले की हंगाम संपतो. विद्यापीठाचा माणूस तर दोनच बघणार होता.

रिंकच्या कँटीनमध्ये लूसिल बटाटे तळता तळता म्हणाली, "पोरगी असणार. वीस वर्षांचं पोर रविवारी सास्काटूनला काय चर्चला जातंय?"

"मला काय माहीत."

"तुला नाही माहीत? त्याच्या चड्ड्या मोजून ठेवतेस तू!"

सगळे हसले. व्हर्नाही हसली.

रीड सरावावरून आला तो थेट फ्रिजपाशी गेला. "कोच म्हणतो, फॉर्म आलाच नाही. तू बघितला नाहीस?"

"नाही रे."

"मी इथे लावला होता. ह्या चुंबकाखाली. मागे पडला असणार." त्यानं ऑरेस्टला हाक मारली. दोघांनी मिळून फ्रिज ओढला. रीड गुडघ्यांवर बसून टॉर्च मारत राहिला. वाळलेले वाटाणे निघाले, एक बाटलीचं झाकण निघालं. तो मोजपट्टीनं भिंतीकडेचा कचरा काढत होता. एकदाही त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं नाही. तसं बघावं हे त्याच्या मनातच आलं नाही.

"माझीच चूक," उठत तो म्हणाला. "तुझ्या हातात द्यायला हवा होता. सॉरी, व्हर्ना. उगाच तुझ्या मागे कोचची कटकट."

तिनं त्याला जेवायला वाढलं. तो जेवला. तोंडापर्यंत आलेली गोष्ट तिनं गिळली. आता सांगितलं, तर तो कायमचा त्या दुसरीचा, जनेलचा होणार होता.

गुरुवारी जनेल आली. पोरावर अन्याय झालाय म्हणून आठवड्याची रजा काढून. मोटेलमध्ये उतरली. व्हर्नानं फोन करून घरी जेवायला बोलावलं. "नको, तुम्हाला त्रास," जनेल म्हणाली. आवाज गोड होता. त्या दिवशी रीड जेवायला मोटेलवर गेला. व्हर्नानं कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात-खिमा केला होता, त्याच्या आवडीचा. ऑरेस्टनं सात गुंडाळ्या खाल्ल्या आणि म्हणाला, "तू त्याच्यावर चिडली आहेस की तिच्यावर, एकदा ठरव. मला त्या हिशेबानं खाता येईल."

शुक्रवारी, पहिल्या सामन्याला, रिंक भरलं. बंदी आलेला खेळाडू सूट घालून प्रेक्षकांत बसतो. रीड तसाच बसला, पाचव्या रांगेत, शेजारी जनेल. व्हर्ना समोरच्या बाजूला.

तिला वाटलं होतं, पोरगा खचलेला असेल. गोल खाल्ला की डोकं धरील. लॉर्नेसनं पहिल्याच सत्रात तीन गोल खाल्ले. तिसऱ्या गोलाला जनेल त्याच्या कानात काहीतरी बोलली आणि रीड हसला. दाराआडून ऐकू यायचं ते हसू. आता तिला ते दिसत होतं. मान मागे टाकून, डोळे मिटून. जनेलनं पॉपकॉर्नचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं न बघता त्यात हात घातला.

हे व्हर्नानंच केलं होतं. तिनंच त्याला बर्फावरून उचलून त्या बाईच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. तीन हंगामांत लॉर्नेसमध्ये जनेलला सलग दोन तास पोरगा मिळाला नव्हता. आता रोज मिळणार. चार सामने. तो बर्फावर असता, तर तो जेवढा जनेलचा तेवढाच तिचा, लूसिलचा, अख्ख्या गावाचा असता. तिथे कुणी त्याच्या शेजारी बसू शकत नव्हतं.

विश्रांतीत ती उठली. कँटीनमधून बघणाऱ्या लूसिलला वाटलं, बाई संडासला चालली. व्हर्ना जिना उतरली, खेळाडूंच्या खोलीबाहेर मॅक्रायला गाठलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून पिवळा कागद काढून त्याच्या हातात दिला.

त्यानं तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"हा कुठे होता?"

"माझ्याकडे."

"कधीपासून?"

"रविवारपासून."

आतून पोरं काठ्या आपटत होती. मॅक्राय चिडला असता तर बरं झालं असतं.

"पंधरा वर्षं, व्हर्नाबाई. कुणाचं पोर कुठे द्यायचं असं आलं की मी तुमचं नाव सगळ्यांत आधी घ्यायचो."

"उद्या त्याला खेळव," ती म्हणाली.

"खेळवीन. त्यानं नियम पाळला होता." त्यानं कागदाची घडी घातली. "पण तुमच्याकडे आता ठेवता येणार नाही. त्यालाही, आणि पुढेही कुणाला."

"कळलं."

ती परत जाऊन जागेवर बसली. लॉर्नेस पाच-एकनं हरलं. तिसऱ्या सत्रात कुणीतरी येऊन रीडला बोलावून नेलं. तो परत आला तेव्हा हसत नव्हता. बसायच्या आधी त्यानं समोरच्या बाजूच्या रांगा नजरेनं चाळल्या, आणि ती सापडल्यावर नजर काढून घेतली. त्या दिवशी तो घरी आला नाही.

शनिवारी सकाळी दहाला आला, सामान न्यायला. गाडी बाहेर सुरूच होती, आत जनेल बसलेली. ऑरेस्टनं दोन पिशव्या उचलून दिल्या आणि गॅरेजमध्ये निघून गेला. त्याला असलं काही बघवत नसे.

"का?" रीडनं विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत आहे तुला."

"हो," व्हर्ना म्हणाली. "आहे."

"मी फ्रिज हलवला, व्हर्ना. वाटाणे काढत बसलो होतो मी. तू तिथेच उभी होतीस." त्यानं पिशवी खांद्यावर टाकली. "जाऊ नको म्हणाली असतीस, तर नसतो गेलो."

हे खरं होतं की नाही, ते तिला कधीच कळणार नव्हतं. तो बाहेर गेला. ती चपला न बदलता बर्फाच्या चिखलातून त्याच्यामागे गाडीपर्यंत गेली. जनेलनं काच खाली केली. जवळून ती फार थकलेली दिसत होती. हातांवर भाजल्याचे डाग, स्वयंपाक्यांना असतात तसे.

"तुमचे आभार मानायला हवेत," जनेल म्हणाली. "तीन वर्षं माझं पोर सांभाळलंत. पण आज नाही मानणार. उन्हाळ्यात बघू, जमलं तर."

"नका मानू."

रीड मागे पिशव्या कोंबत होता. जनेल काच वर करायला गेली आणि थांबली. मग हळूच, त्याला ऐकू जाऊ नये असं बोलली. ते विचारणं तिला किती जड गेलं, ते दिसत होतं.

"आज सामना आहे. मला काहीच माहीत नाही हो. किती वाजता जेवतो? झोपतो का?"

व्हर्नाला क्षणभर वाटलं, सांगू नये. मग तिनं सांगितलं. एक वाजता जेवण, नुसता पास्ता आणि कोंबडी, चीज नाही. दीड ते तीन झोप, पडदे ओढून. उठवायचं तर नाव घेऊन नाही, नुसतं दार वाजवायचं. डाव्या खांद्याला आधी गरम, मग बर्फ. उलटं केलं तर रात्रभर दुखतो. जनेल पेट्रोलच्या पावतीमागे भराभर लिहीत होती. व्हर्ना हळू सांगत होती. मधे एकदा थांबून तिनं स्पेलिंगसुद्धा नीट करून दिलं.

"अजून काही?" जनेलनं विचारलं.

अजून एक होतं. सामन्याला पोरं सूट-टायमध्येच जातात, आणि टायची गाठ रीडला चांगली येते. पण सामन्याच्या दिवशी, निघायच्या आधी, ती येतच नाही असं तो दाखवतो. टाय गळ्यात तसाच सोडून स्वयंपाकघरात येतो, हनुवटी वर करतो आणि उभा राहतो.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "एवढंच."

गाडी कोपऱ्यावर वळली. तेवढं तिचं तिनं शोधून काढावं.