दोन डाव्या बाह्या

सकाळची भांडी अजून निथळत होती. दूध उतू जाता जाता वाचलं होतं. "हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी?" शिंपिणीचा नवरा पेपरामागून विचारत होता आणि सून सवयीने हसत होती. तेवढ्यात दार वाजलं.

शिंपीण हात पुसत उठली. दारात एक अनोळखी बाई, हातात गडद निळ्या कापडाची घडी. "कोट शिवून हवाय. मुलीची पहिली नोकरी आहे. समोरच्या औषधवाल्यानं तुमच्याकडे पाठवलं."

शिंपिणीचा चेहरा उजळला. गल्लीतले लोक तिच्याकडे चेन बदलायला, पॅंट आखूड करायला यायचे. कोट शिवायला कुणी येत नसे, आणि का येत नसे ते सगळ्यांना पाठ होतं. ही बाई नवी होती. शिंपिणीने कापडावरून हात फिरवला, टेप गळ्यात अडकवली. "छान बसेल हो याचा कोट."

"बाई, बाह्या तेवढ्या तपासून घ्या हं!" पेपर खाली आला. "आमच्या हिला सगळे हात डावेच दिसतात."

आणि मग ती गोष्ट. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी हिने एका वकिलाचा कोट बेतला. दुसरी बाही कापताना नमुन्याचा कागद उलटा करायचाच विसरली. दोन्ही बाह्या डाव्या! सांगता सांगता नवरा उठून वकील झाला, खांदे वेडेवाकडे करत खोलीभर फिरला. हातोटी अशी की मेलेला माणूसही हसेल. तेव्हापासून गल्लीत तिला 'डावी'च म्हणतात.

तो कोट बेतला त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचं पहिलं बाळ गेलं होतं. गोष्टीत ते कधी येत नाही.

बाई मनापासून हसली. मग हसू ओसरलं आणि तिची नजर आपल्या कापडाकडे गेली. "असं करते, मुलीलाच विचारते आधी. घाई नाही तशी." घडी पिशवीत गेली. जिन्यात चपला वाजल्या, आणि खालच्या वळणावर तिला पुन्हा फुटलेलं हसूही वर ऐकू आलं.

"बाबा, गिऱ्हाईक घालवलंत," सून म्हणाली, पण ओठ तिचेही अजून आवरले नव्हते.

"मी काय केलं? गंमत केली! एवढ्याने जाणारं गिऱ्हाईक टिकणार होतं थोडंच?" तो बायकोकडे वळला. "तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं. अगं, हस की जरा. सगळे हसतात, तुलाच काय होतं?"

पूर्वी ती भांडली होती, रडली होती, अबोला धरून पाहिला होता. प्रत्येक वेळी त्याने तिची नवी नक्कल केली. एकदाच तिने बाळाचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला होता, "तुला ना, गंमतच कळत नाही."

तिने गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळली.

"तुम्ही ती गोष्ट सांगत जा," ती म्हणाली. "बंद करा असं मी आता म्हणत नाही. फक्त सांगून झाल्यावर मला हस म्हणू नका."