फुटक्या सायलेन्सरची म्हैस

सायलेन्सर फुटलेली मोटारसायकल घेऊन मी शाहूपुरीत गॅरेजला निघालो होतो. आरशात बघितलं तर एक म्हैस माझ्यामागं पळत होती, आणि तिच्यामागं इलेक्ट्रिक स्कूटरवर एक मिशाळ माणूस.

"पावणं, गाडी बंद करू नका, म्हस बिथरंल," तो ओरडला. "तशीच माझ्या गोठ्यापतूर चला की."

आमच्याकडं म्हशींच्या शर्यती होतात, त्यात म्हशी मालकाच्या गाडीच्या आवाजामागं पळतात. पण मी काही मालक नव्हतो.

गोठ्यावर त्यानं माझ्या पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून थरथर अनुभवत राहिला, जणू नाडी बघतोय.

"जुन्या गाडीचा आवाज डिट्टो असाच हुता. ती विकून ही बॅटरीची घेतली, तर हिला आवाजच न्हाय. मी पुढं असलो तरी म्हशीला वाटतंय, मालक घरात झोपलाय."

"आवाज म्हणजे नुसत्या हवेतल्या लहरी," मी शाळेतलं ज्ञान पाजळलं.

"व्हय, पण त्या तुमच्याच गाडीत हायत की."

म्हैस माझ्या सायलेन्सरकडं मायेनं बघत होती.

सायलेन्सर अजून फुटकाच आहे. गल्लीतले लोक शिव्या देतात. पण दुरुस्त केला, तर रोज संध्याकाळी म्हशीला घरी कोण आणणार?