चीजवाले पाहुणे आणि भोंगा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं ते गाव वाढत होतं, पण लोकांच्या हाताला काम नव्हतं. म्हणून गावच्या कचेरीतल्या व्हर्ना ग्रेबिलने चीजच्या एका कंपनीला दोन वर्षं पत्रं लिहिली. अखेर कंपनीचे तिघे साहेब कारखान्यासाठी जागा बघायला आले आणि नेमका वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. व्हर्नाने तिघांना चर्चच्या तळघरात अक्षरशः ढकललं. वर छप्पर करकरत होतं.

"बाई, हे दरवर्षीचंच का?" थोरल्या साहेबाने घाबरून विचारलं.

खोटं बोलावं, असं तिला फार वाटलं.

"हो," ती थरथरत म्हणाली, "आणि मी दर वेळी इतकीच घाबरते."

वादळ बाजूने गेलं. तिघे साहेब निघून गेले. तीन आठवड्यांनी कंपनीचं पाकीट आलं. तिने ते इतक्या घाईत फोडलं की आतलं पत्रच फाटलं. जागा पसंत पडली होती.