पाणी खोलीतच होतं

"तू हिंदू आहेस ते एका परीने बरंच झालं," शेजारच्या आजी मला म्हणाल्या.

मी त्यांच्या सिंकपाशी उभी होते. कडेवर त्यांचा सात महिन्यांचा नातू आणि ओट्यावर एका जगमध्ये कोमट पाणी. बाळाचं तोंड पुसायला घेतलं असेल, असं मला वाटलं होतं. तर ते पाणी मी बाळाच्या डोक्यावर ओतायचं होतं आणि ओतताना आजी सांगतील ते एक वाक्य म्हणायचं होतं, म्हणजे झाला बाप्तिस्मा. त्याला पाद्रीच लागतो असं नाही. जिवावर बेतलं असेल तर कुणीही दिला तरी चालतो, अगदी हिंदूने दिला तरी. हे आजींना आयर्लंडमधल्या शाळेत नन्सनी घोकून घेऊन शिकवलं होतं.

"मग तुम्हीच द्या की," मी म्हटलं.

"मला नाही देता येत. मी शब्द दिलाय."

शब्द दिला होता लेकीला. बाळ हॉस्पिटलमधून घरी आलं त्याच दिवशी तिने आईकडून वदवून घेतलं होतं, की तू सिंकपाशी असलं काही करायचं नाहीस. आयरिश आज्यांची ही खोड तिला चांगली ठाऊक होती. आईबाप चर्चला जाईनासे झाले, की आज्या नातवंडांना भांडी घासायच्या सिंकमध्ये गुपचूप कॅथलिक करून टाकतात. तिच्या चुलत-मावस भावंडांपैकी निम्म्यांची मुलं तशीच झालेली होती.

"मी ओतणार नाही असा शब्द दिलाय," आजी म्हणाल्या. "तू ओतणार नाहीस असा कुठे दिलाय?"

मला हसू फुटलं. उपासाला तांदूळ चालत नाहीत पण वरीचा भात चालतो, असं मानणाऱ्या घरात मी वाढले आहे. पळवाट मला लांबूनसुद्धा ओळखू येते.

"पण बाळ ठणठणीत आहे, आजी. मरण जवळ असलं तरच चालतं म्हणालात ना?"

"आहे की जवळ. माझं."

या बाईंपुढे कुणाचं काही चालत नाही. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आम्ही घर घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून लिंबं देऊन त्यांनी माझी सगळी माहिती काढली होती: पुणं, इथे येऊन केलेली युनिव्हर्सिटी, घरून करते ते सॉफ्टवेअरचं काम, स्टीलवर्क्समध्ये इंजिनीअर असलेला नवरा. त्यांचे यजमानही जन्मभर तिथेच भट्टीवर होते, म्हणून आम्ही त्यांच्यातले झालो. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, पण ऐंशी ओलांडलेल्या बाईला एकेरी नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना. मी आजीच म्हणू लागले. शब्दाचा अर्थ विचारून घेऊन त्यांनी तो चालवून घेतला.

माझ्या मुलीच्या बारशाला आत्या हवी होती, आणि तिचा व्हिसा काही आला नाही. तेव्हा आजी म्हणाल्या, "त्या आत्याचं काम काय असतं?" मी सांगितलं. सिडनीजवळच्या स्कोफिल्ड्सहून आलेल्या माझ्या मैत्रिणींनी त्यांना हिरवी साडी गुंडाळली, पाळण्याशी वाकवलं, आणि त्यांनी माझ्या मुलीच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं. मग रिवाजाप्रमाणे सगळ्या जणींनी त्यांच्या पाठीत गुद्दे घातले, अर्थात बेताबेताने. "आमच्यात बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात," त्या म्हणाल्या, "तुमच्यात म्हातारीला मारतात." सगळ्या हसलो. नंतर त्या बाथरूममध्ये गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. वयामुळे दगदग झाली असेल, असं मी धरून चालले.

तर आता त्या परतफेड मागत होत्या. "तुझ्या बाळाला मी नाव दिलं. आता तू माझ्या नातवाला पाणी दे."

त्यांची लेक हॉस्पिटलात मिडवाइफ, म्हणजे सुईण, आहे. बेचाळिसाव्या वर्षी, बऱ्याच उपचारांनंतर हे बाळ झालेलं. तिचा जोडीदार ट्रेनने सिडनीला कामाला जातो, म्हणून तिची शिफ्ट असली की बाळ आजींकडे असतं. आजींना उचलणं झेपत नाही, म्हणून माझीही फेरी असते. लेक माझी चांगली मैत्रीण आहे. प्रॅम ढकलत समुद्राकाठी आम्ही पुष्कळ चाललो आहोत. तिथेच तिने एकदा मला सांगितलं होतं, की तिच्या शाळेत एक मुलगा होता, चर्चमध्ये पाद्रीच्या हाताखाली असायचा. पाद्री आपल्याशी काय करतो हे त्याने मोठ्यांना सांगितलं, आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. "माझ्या ममनेसुद्धा नाही. उलट त्या पाद्रीला ती जेवायला बोलवत राहिली." तो मुलगा पुढे फार जगला नाही. बऱ्याच वर्षांनी सरकारी चौकशी बसली, असल्या किती गोष्टी बाहेर आल्या, तेव्हा आजींनी लेकीची माफी मागितली. "पण माझं बाळ मी त्यांना देणार नाही, मेट. नुसतं पाणी असलं तरी नाही."

हे ठाऊक असल्यामुळे मी पाण्याच्या जगाला हातही लावला नाही. "तुमच्या पाद्रींनाच विचारा ना," मी म्हटलं.

"विचारलं. आईबापांची इच्छा नसेल तर देता येत नाही म्हणाला. चांगला मुलगा आहे तो, तुमच्याकडचाच."

त्यांच्या चर्चचा पाद्री केरळचा आहे. आपण आज जगभर इंजिनीअर पाठवतो तसे आयरिश लोक एके काळी पाद्री पाठवत. घरटी एक मुलगा तरी चर्चला द्यायचाच, आजींचे दोन भाऊ दिलेले होते. गावात पाद्रीची सायकल दिसली की माणसं टोप्या काढून रस्त्याच्या कडेला उभी राहायची. आता त्या गावातलं चर्च एका रविवारी उघडं तर दोन रविवार बंद, आणि इथे आजींच्या बाजूला बाकावर फिलिपिनो, गोवेकर आणि मल्याळी कुटुंबं बसतात. आयरिश म्हणाव्यात तर चारदोन म्हाताऱ्या. त्याची त्यांना खंत आहे असं मला कधी वाटलं नाही. गर्दी झाली म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब.

"त्याने सांगितलं, काळजी करू नका, देव दयाळू आहे," आजी म्हणाल्या. "मला नको सांगूस म्हणावं." आणि त्या स्टुलावर बसल्या.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता, पाण्याच्या जगाकडे बघत.

त्या विशीतल्या होत्या. पहिलं बाळंतपण, गावात, घरीच. मुलगा झाला. त्याचा श्वास बरोबर नाही असं सुईण म्हणाली, तशी नवऱ्याने सायकल काढली आणि तो पाद्रीला आणायला गेला. "खाटेशेजारी पाण्याचा जग होता. कुणीही पाणी ओतू शकतं, हे मला पाठ होतं. सुईणीलाही पाठ होतं. पण पाद्री येतच होते ना. ते येत असताना आपण कोण मध्ये हात घालणारे? आम्ही दोघी वाट बघत बसलो." पाद्री दारात आले तेव्हा बाळ गेलं होतं.

पाणी न घातलेलं बाळ चर्चच्या आवारात पुरत नसत. त्याचा जीव नरकात जात नाही, पण देवाकडेही जात नाही, मध्येच कुठेतरी कायमचा राहतो, अशी शिकवण होती. नवऱ्याने अंधार पडायच्या सुमाराला एका खोक्यातून त्याला नेलं आणि गावाबाहेर असली बाळं ठेवायची जागा असे, तिथे एका काटेरी झाडाखाली ठेवलं. दगड लावला नाही, नाव ठेवलं नाही. पाणी नाही त्याला नाव नाही. आजी घरातच पडून होत्या, कारण पाद्रीने शुद्ध केल्याशिवाय बाळंतिणीने चर्चची पायरी चढायची नसे. पुढच्याच वर्षी दोघांनी ऑस्ट्रेलियाची बोट धरली. ही लेक व्हायला वीस वर्षं लागली. त्या मुलाचा विषय नवरा-बायकोत पुन्हा कधी निघाला नाही, आणि लेकीला तो माहीतच नव्हता.

"मग कधीतरी रोमहून पोपने सांगितलं, की असल्या बाळांची चिंता करू नका. मी घरी येऊन बशी फोडली. एवढी वर्षं माझा मुलगा कुठे होता मग? मी कुठे शोधत होते त्याला?"

मला राग आला, त्या पाद्रीचा, त्या रोमचा, आणि पाण्याच्या जगाशेजारी हात बांधून बसलेल्या त्या सुईणीचासुद्धा. बाळ माझ्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होतं. पाणी ओतायला किती वेळ लागला असता? मी जग उचललादेखील. आजी सरळ होऊन बसल्या.

आणि मी तो परत खाली ठेवला.

"नाही, आजी. तिला न विचारता नाही. पण तुम्ही हे तिला सांगा, जसंच्या तसं."

"तिला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. त्यांनी बाळाला माझ्या कडेवरून स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि मला दाराकडे बोट दाखवलं. त्यानंतर आमचं बोलणंच बंद झालं.

नवरा म्हणाला, "तू यात पडूच नकोस. दोन्हीकडून मार खाशील." फोनवर माझी आई म्हणाली, "अगं, पाणीच घालायचं होतं ना? घालून मोकळी व्हायचंस. कुणाचं काय जात होतं?" कुणाचं काय जात होतं तेच तर मला दिसत होतं. पाणी घातलं असतं तर लेकीचा विश्वास गेला असता. नाही घातलं, तर एक म्हातारी बाई त्या पाण्याच्या जगाकडे बघत बघत मरणार होती. तिचं गुपित लेकीला सांगून टाकण्याचा मोहही झाला. पण ते माझं नव्हतं सांगायला.

शनिवारी लेकीनेच कुंपणावरून हाक मारली. "मम तुला बोलावतेय. काय झालंय कुणास ठाऊक, शी'ज बीइंग वियर्ड."

आजींनी टेबलावर चहा मांडला होता, आणि मधोमध तो जग. रिकामा. "बस," त्या मला म्हणाल्या, आणि लेकीकडे वळून सरळ सांगून टाकलं: "मी हिला बाळाला पाणी घालायला सांगितलं होतं."

लेक लाललाल झाली. "आर यू सीरियस? तू केलंस?" हे मला होतं.

"नाही केलं."

"नाही केलं तिने," आजी म्हणाल्या. "म्हणूनच आता तुला सांगावं लागतंय." आणि त्यांनी सांगितलं. यावेळी त्या जगाकडे बघत नव्हत्या, लेकीकडे बघत होत्या. लेक आधी तावातावाने उभी होती, मग तिने खुर्ची ओढली. शेवटी आजी म्हणाल्या, "पाणी खोलीतच होतं गं."

बाळ जमिनीवर चमचा आपटत होतं.

"आमच्या वॉर्डात काही बाळं येतात, मम," लेक म्हणाली, "थोड्याच वेळाची. एखादी आई म्हणते, चॅप्लेनला बोलवा." चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटलचा पाद्री. "मी फोन करते. तो निघालेला असतो, वाटेत असतो. मी थांबत नाही. त्या आईला विचारते, आणि पाणी घेते."

"तू?"

"मी."

"पण तुझा तर विश्वास नाही."

"तिचा असतो ना."

आजींनी हातातला कप खाली ठेवला. "कुठले शब्द म्हणतेस?"

"तुझेच. दुसरे कुठले येतात मला?"

आजी रडल्या. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना हवं होतं ते मिळालं. नातवाच्या पाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्याला पाणी घातलेलं नाही, आजही नाही. लेकीने मात्र एवढं म्हटलं, की याच्यावर कधी तशी वेळ आली तर मी कुणाची वाट बघत बसणार नाही. आजींनी मान हलवली.

मग लेकीने विचारलं, "त्याचं नाव काय ठेवणार होतीस?"

"नाव नाही त्याला."

"मनात असेल ना."

आजींना ते मोठ्याने म्हणता येईना. इतक्या वर्षांत एकदाही उच्चारलेलं नव्हतं. लेक खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने कान पुढे केला. आजींनी हाताचा आडोसा धरला, माझ्या मुलीच्या पाळण्याशी धरला होता अगदी तसा, आणि त्या काहीतरी कुजबुजल्या. तेव्हा मला कळलं, की बारशाच्या दिवशी त्या बाथरूममध्ये एवढा वेळ कुणासाठी रडत बसल्या होत्या.

नाव मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. नाव कानात सांगून झालं की सांगणारीच्या पाठीत गुद्दा घालायचा असतो. मी उठून त्यांच्या मागे गेले. पण गुद्दा घालवेना, नुसता हात ठेवला.